नव्याने बांधलेला कुस्तीचा गेम कसा जोखायचा : डब्ल्यूडब्ल्यूई २के२२ समोर ठेवून

प्रश्न असा आला आहे : "मी कोल्हापूरचा. गेमचे व्हिडिओ रिव्ह्यू करायला नुकतीच सुरुवात केली आहे. मित्राकडून डब्ल्यूडब्ल्यूई २के२२ ची जुनी डिस्क मिळाली. याच मालिकेतला आधीचा गेम २के२० फसल्यावर हा गेम मुळापासून नव्याने केला असं सगळे सांगतात. पण इथं कुणाला दाखवला की 'ही कसली कुस्ती, सगळं ठरवून' एवढंच ऐकायला मिळतं. अशा गेमचं परीक्षण नेमकं कशावर करायचं?"

आधी त्या 'सगळं ठरवून'चं काय करायचं ते सांगतो. कोल्हापुरात बसून हा गेम जोखायचा तर तो आक्षेप टाळून पुढं जाता येत नाही. आपल्या डोळ्यांना सवय खासबागेची. शाहू महाराजांच्या काळात, १९१२ साली पुरं झालेलं ते खोलगट मैदान, मध्ये तांबड्या मातीचा हौदा. कुठंही बसा, कुस्ती दिसणारच. तिथं एकदा पाठ मातीला लागली की विषय संपला, एक-दोन-तीन मोजायला कुणी थांबत नाही. डब्ल्यूडब्ल्यूईसारख्या व्यावसायिक रेसलिंगमध्ये निकाल आधी ठरलेला असतो आणि कसब दुसरीकडे असतं. समोरच्याला इजा न करता आपटायचं, त्याचा डाव अंगावर घेऊन तो जबरदस्त वाटेल असं पडायचं, आणि हे करताना लोकांना जागेवर बसू द्यायचं नाही. त्यात खऱ्या दुखापती होतात, वर्षानुवर्षांचा सराव लागतो. हे दोन वेगळे खेळ आहेत. एकाच्या मापाने दुसरा मोजला तर रिव्ह्यू पहिल्याच मिनिटाला संपतो आणि बघणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

गेम मात्र या दोन्हींच्या मधोमध उभा असतो, म्हणून तो जोखायला अवघड. पडद्यावर दिसायला हवा रचलेल्यासारखा सामना : आधी एकाची सरशी, मग पारडं फिरणं, अगदी शेवटच्या क्षणी सुटका, मग फिनिशर, म्हणजे सामना संपवणारा खास डाव. पण कंट्रोलर हातात घेतलेल्या दोघांनाही खरोखर जिंकायचं असतं. आपणहून कोण पडणार? दोघांचीही जिंकायची खरी धडपड चालू असताना सामना मात्र रंगत गेला पाहिजे, ही या प्रकारच्या गेमची मूळ अडचण आहे. २००० सालापासून आलेला प्रत्येक गेम तिच्याशीच झगडतोय. त्यामुळे माझा पहिला आणि सगळ्यात मोठा प्रश्न एकच असतो : ज्याला मार बसतोय, त्याच्या हातात त्या वेळी काय आहे? ग्राफिक्स, एन्ट्रीचं संगीत, घामाचे थेंब, सगळं त्यानंतर.

आता 'नव्याने केला' म्हणजे काय, ते तुमच्या प्रेक्षकाला थोडक्यात सांगावं लागेल. २००० च्या पहिल्या स्मॅकडाउनपासून २०१८ च्या २के१९ पर्यंत ही मालिका जपानच्या युक्स या कंपनीने घडवली. मधल्या काळात प्रकाशक टीएचक्यू बुडाली आणि २०१३ मध्ये प्रकाशनाचे हक्क २के कडे आले. २के२० च्या वेळी युक्स बाजूला झाली आणि २के च्याच व्हिज्युअल कन्सेप्ट्स या स्टुडिओवर सगळा भार आला. ऑक्टोबर २०१९ मध्ये गेम आला तो अर्धाकच्चा. केस हवेत उडताहेत, हातपाय भलतीकडे वळताहेत, सामना मध्येच बंद पडतोय. त्यावर कडी म्हणजे १ जानेवारी २०२० ला कॅलेंडर बदललं आणि गेम चालेचना. लोकांनी कन्सोलची तारीख मागे नेऊन तो चालवला, मग दुरुस्ती आली. पुढच्या वर्षी मुख्य गेम काढलाच नाही. त्याऐवजी बॅटलग्राउंड्स नावाचा कार्टूनसारखा गेम आला, तोही दुसऱ्या स्टुडिओकडून. २के२२ उजाडला ११ मार्च २०२२ ला. दरवर्षी गेम काढणाऱ्या मालिकेने एवढी उसंत घेणं ही मोठी गोष्ट होती, आणि त्या उसंतीत काय केलं हे तपासणं हेच रिव्ह्यूचं काम.

तपासायचं तर डागडुजी कुठं आहे, रंगरंगोटी कुठं आहे आणि पाया कुठं बदललाय हे वेगवेगळं दाखवा. केस नीट बसले, ही डागडुजी. चेहरे उजळले, ती रंगरंगोटी. पाया बदललाय तो बटणांत.

यावर जरा थांबतो, कारण इथंच सगळं आहे. २के१६ पासून या मालिकेत रिव्हर्सल, म्हणजे समोरच्याचा डाव उलटवायच्या संधी, मोजून मिळायचे. ठरावीक साठा. तो संपला की तो हळूहळू भरेपर्यंत तुम्ही नुसते उभे राहून मार खायचा. वेळ अचूक साधली, डोळा तयार आहे, तरी बटण दाबून उपयोग नाही. सामना रचलेला दिसावा म्हणून केलेली ती सोय होती. पडद्यावर ती बरी दिसायचीही, पण मार खाणाऱ्याच्या हातातून सामना काढून घ्यायची. २के२२ ने तो साठा काढून टाकला. प्लेस्टेशनवर चौकोन म्हणजे हलका फटका, क्रॉस म्हणजे जोराचा फटका, वर्तुळ म्हणजे पकड आणि त्रिकोण म्हणजे रिव्हर्सल. तोच त्रिकोण दाबून धरला की ब्लॉक. या तीन प्रकारच्या हल्ल्यांचे कॉम्बो, म्हणजे लागोपाठच्या साखळ्या, होतात. तुम्ही कॉम्बोत सापडलात तर सुटायचा मार्ग असा : समोरचा पुढचं बटण कुठलं दाबणार हे ओळखायचं आणि तेच आपण दाबायचं. बरोबर आलं की कॉम्बो तुटतो.

तालमीत बसलेल्या माणसाला हे लगेच कळतं. प्रत्येक डावाला तोड असते, आणि तोड डाव लागायच्या आधी सुचावी लागते. समोरचा पटात शिरणार हे त्याच्या खांद्यावरून ओळखणारा पैलवान आणि 'हा गडी दोन हलक्या फटक्यांनंतर नेहमी पकड घेतो' हे ओळखून वर्तुळ दाबणारा पोरगा, दोघांचं डोकं एकाच दिशेने चालतं. मग मारणाऱ्यालाही क्रम बदलावा लागतो, फसवावं लागतं. म्हणजे मार खाणाऱ्याच्या हातात काहीतरी आलं आणि मारणाऱ्याला निवांत बसता येईना. माझ्या मते नव्या बांधणीतलं हे सगळ्यात मोलाचं काम आहे. रिव्ह्यूत मी याला सगळ्यात जास्त वेळ देईन. नुसतं तोंडाने सांगू नका, दाखवा : एकाच जोडीचा एकच कॉम्बो, एकदा न तोडता आणि एकदा तोडून, बटणं पडद्याच्या कोपऱ्यात दिसतील अशी.

याची दुसरी बाजूही त्याच जोराने सांगा. हे कॉम्बो आल्यामुळे गेम फायटिंग गेमच्या अंगाने गेला. फटके वाढले, धरपकड मागे पडली. आपल्याकडे कुस्ती सुरू होते ती खडाखडीने. हाताला हात, मानेवर हात, ताकद किती, पाय किती घट्ट, याचा अंदाज. रेसलिंगच्या चांगल्या सामन्यातही पहिली दोन-चार मिनिटं अशीच जातात. २के१५ मध्ये त्यासाठी चेन रेसलिंग नावाचा वेगळा टप्पा आणला होता. तो थोडा यांत्रिक होता, पण सामन्याला सुरुवात द्यायचा. २के२२ मध्ये तो नाही. घंटा वाजली की थेट हाणामारी. मला ही उणीव पहिल्या सामन्यापासून जाणवली आणि शेवटपर्यंत खटकत राहिली. २के२५ मध्ये चेन रेसलिंग परत आणलं, म्हणजे करणाऱ्यांनाही ती जागा रिकामी दिसली असणार.

किकआउटचंही, म्हणजे खांदे टेकवून तीन मोजले जाण्याआधी (पिनमधून) सुटण्याचंही, तसंच. २के२२ मध्ये पिनमधून सुटायला बटण भराभर बडवायचं. त्यात अंगठ्याची ताकद आहे, डोकं नाही. कॉम्बो तोडायला डोकं लावायला सांगणारा गेम सामन्याच्या सगळ्यात नाजूक क्षणी बटण बडवायला सांगतो, हे मला विसंगत वाटतं. पुढच्याच वर्षी, २के२३ मध्ये, अचूक वेळ साधण्याचा पर्याय दिला गेला.

आता वजन. आमच्या ओळखीतले एक जुने पैलवान आहेत, पोरं खेळत असली की मागे खुर्ची टाकून बसतात. चेहरे, टॅटू, लेझर लाइट, कशाकडेच बघत नाहीत. नजर पायांवर. एकदा पडद्यावर कुणीतरी समोरच्याला खांद्यावरून फेकला तेव्हा म्हणाले, "अरं, पाय रोवल्याबिगार ढाक लागतीय व्हय? ह्यो सरकत आला बघ." मी रिप्ले हळू करून पाहिला. खरंच, डाव सुरू व्हायच्या आधी रेसलर बर्फावरून घसरल्यासारखा हातभर सरकून दुसऱ्याच्या पुढ्यात आला होता. अॅनिमेशन जुळावं म्हणून गेम दोघांना असा ओढून जागेवर आणतो. २के२० मध्ये हे पावलोपावली दिसायचं. २के२२ मध्ये उभ्या पकडीत फार कमी झालंय, धावत येऊन मारलेल्या डावांत अजून दिसतं. इंग्रजी रिव्ह्यूंमध्ये एवढ्या बारकाईने पायांकडे कुणी बघताना मला दिसलं नाही. कोल्हापूरच्या माणसाने हे बघितलंच पाहिजे. आपला डोळा इथं कामाला येतो. शरीराचं ओझं कुठून कुठं जातंय, पकड खरोखर कुठं बसलीय, पडताना आधी काय टेकतंय.

यासाठी जोडी विचारपूर्वक निवडा. रे मिस्टेरियो आणि ओमॉस घ्या. एक जेमतेम साडेपाच फुटांचा, दुसरा सात फुटांच्या वर. रेने ओमॉसला कुठले डाव लावता येतात, कुठले लागतच नाहीत, ओमॉसचा एक फटका आणि रेचा एक फटका यात पडणाऱ्याच्या हालचालीत फरक आहे का, हे नोंदवा. मग दोन मध्यम वजनाचे घ्या आणि तेच करा. आपली आवडती जोडी घेऊन पाच सामने खेळलेला रिव्ह्यू मला कधीच पुरेसा वाटत नाही.

आणि शेजारी दुसरा माणूस हवाच. हे गेम आपल्याकडे एकट्याने खेळलेच जात नाहीत. पीएस२ वर हिअर कम्स द पेन ज्यांनी खेळलाय, त्यांना ते दिवस आठवत असतील. एक कन्सोल, दोन कंट्रोलर, आणि 'हरला तो उठला' हा नियम. २००३ चा तो गेम अजून लोकांच्या मनात आहे, आणि तुमच्या व्हिडिओखाली 'त्याच्यासारखा आहे का?' हे विचारणारे येणारच. त्यांना खरं उत्तर द्या : वेगाच्या बाबतीत २के२२ त्याच्या बराच जवळ गेलाय, २के१५ नंतरचा तो जड, संथ गेम राहिला नाही. पण त्या गेममध्ये पकडीचे चार प्रकार होते आणि कुठली पकड घ्यायची हे तुम्ही ठरवायचात. डोकं, धड, हात, पाय यांतलं काय किती दुखावलंय ते छोट्या आकृतीत सतत दिसायचं. पकडीचा तो विचार २के२२ मध्ये पातळ झालाय.

दुसरा माणूस म्हणून एकदा तरी असा कुणी घ्या ज्याने गेम कधी हातात धरला नाही. बहीण, काका, शेजारचे दादा, कुणीही. नवख्याला काही मिनिटांत मजा आली तर बटणांची मांडणी चांगली. २के२२ या परीक्षेत पास होतो. दुसरी परीक्षा उलट : दोघं तयार झाल्यावर, एकमेकांच्या सवयी कळल्यावरही सामने वेगवेगळे होतात का? इथं गेम थोडा कमी पडतो, कारण कॉम्बोंचं शेवटचं डाव-अॅनिमेशन वेगळं असलं तरी बटणांचा साचा बऱ्याच जणांचा सारखाच वाटू लागतो. संगणकाविरुद्ध कठीण पातळीवर खेळाल तर तो भराभर रिव्हर्सल मारतो. तेव्हा सेटिंगमधले स्लायडर (संगणक किती रिव्हर्सल मारेल ते कमी-जास्त करायच्या पट्ट्या) कमी करून पुन्हा खेळा आणि दोन्ही अनुभव सांगा. स्लायडरला हात न लावता 'एआय (संगणकाचा खेळ) वाईट आहे' म्हणणं अन्यायाचं आहे.

आता मोडबद्दल, म्हणजे गेममधल्या खेळायच्या वेगवेगळ्या प्रकारांबद्दल, थोडक्यात. शोकेसमध्ये रे मिस्टेरियोची कारकीर्द आहे, स्वतः रे निवेदन करतो, आणि १९९७ च्या हॅलोवीन हॅव्हॉकमधल्या एडी गरेरोविरुद्धच्या सामन्यापासून सुरुवात होते. खेळता खेळता पडदा सरळ जुन्या खऱ्या चित्रफितीत जातो, ते बघताना अंगावर काटा येतो. पण 'आता हाच डाव मार, आता तिथंच घेऊन जा' अशी यादी सतत मागे लागते आणि सामना आपला राहत नाही. मायराइज या स्वतःचा रेसलर घडवायच्या कथा-मोडमध्ये पुरुष आणि स्त्री रेसलरसाठी वेगळ्या कथा लिहिल्यात, याचं कौतुक करायला हवं. स्वतःचे शो रचायचा युनिव्हर्स मोड आहे तसाच, विशेष काही नाही.

मायजीएम वेगळा. 'स्मॅकडाउन व्हर्सेस रॉ २००८' या गेमनंतर जनरल मॅनेजरचा मोड गायब झाला होता. लोक इतकी वर्षं तो मागत होते, आणि तो इथं परत आला. तुम्ही एक ब्रँड चालवायचा, रेसलर निवडायचे, आठवड्याचा शो ठरवायचा, पैसा सांभाळायचा, कुणाची दमछाक झालीय ते बघायचं. जत्रेतलं मैदान भरवणाऱ्या कमिटीत ज्यांनी काम केलंय, त्यांना यात लगेच गोडी लागेल : कुणाची जोड कुणाशी लावायची, मोठी कुस्ती कधी सोडायची, नावाजलेल्याला किती द्यायचे आणि वर येणाऱ्या पोराला संधी कधी. दोन मित्र समोरासमोर बसून हा मोड खेळू शकतात आणि माझ्या मते २के२२ चा सगळ्यात चिवट आनंद इथंच आहे. कमतरता ढळढळीत आहे : सामन्यांचे प्रकार फार मोजके, किताब कमी, खेळाडू दोनच. त्यातल्या बऱ्याचशा पुढच्या भागात भरून काढल्या.

याच मोडमधली एक गोष्ट रोस्टरचा, म्हणजे गेममधल्या रेसलरच्या यादीचा, प्रश्न समजावून सांगायला उपयोगी पडेल. मॅनेजर म्हणून विल्यम रीगल निवडता येतो. प्रत्यक्षात जानेवारी २०२२ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईने त्यांना मोकळं केलं आणि ६ मार्चला, गेम यायच्या पाच दिवस आधी, ते एईडब्ल्यू या प्रतिस्पर्धी कंपनीच्या शोमध्ये हजर झाले. गेम यायच्या आधीच्या दोन वर्षांत डब्ल्यूडब्ल्यूईने भरपूर रेसलर सोडले, त्यामुळे गेमच्या यादीत गेलेली माणसंही दिसतात. यासाठी गेमला फार दोष देऊ नका. यादी बऱ्याच आधी गोठवावी लागते. बघणाऱ्याला फक्त हे माहीत असावं.

दोष द्यायचाच तर मायफॅक्शनला द्या. पत्ते गोळा करून संघ बनवायचा, आणि चांगले पत्ते हवेत तर पैसे मोजायचे किंवा तासन्‌तास घासत बसायचं. पूर्ण किंमत मोजून घेतलेल्या गेममध्ये पुन्हा खिशात हात घालायला लावणं मला मान्य नाही, आणि शाळकरी पोरांच्या हातात हा गेम जातो तेव्हा तर हे आईवडिलांना उद्देशून, स्पष्ट शब्दांत सांगितलं पाहिजे.

तुमच्या हातात आहे ती जुनी डिस्क, म्हणून एक बाब फार महत्त्वाची. २के२२ ची ऑनलाइन सेवा २०२४ च्या सुरुवातीला बंद करण्यात आली. म्हणजे गेम येऊन दोन वर्षंही झाली नव्हती. ऑनलाइन सामने गेले, मायफॅक्शन गेला, आणि सगळ्यात वाईट म्हणजे लोकांनी बनवलेले रेसलर उतरवून घ्यायची कम्युनिटी क्रिएशन्सची सोय गेली. ज्याला गेममध्ये लांग बांधलेला पैलवान हवा, त्याला तो आता गेममधल्या रेसलर बनवायच्या सोयीत बसून स्वतःच घडवावा लागेल. या मालिकेतल्या कुठल्याही गेमचा रिव्ह्यू करताना राउटर बंद करून एक संध्याकाळ खेळा आणि काय काय उरतं त्याची नोंद करा. २के२२ च्या बाबतीत उरतं ते बरंच आहे : शोकेस, मायजीएम, युनिव्हर्स, आणि शेजारी बसलेल्याशी खेळायचे सगळे सामने.

व्हिडिओ करताना भाषेची भीड बाळगू नका. कॉम्बो, ब्रेकर, फिनिशर हे शब्द आहेत तसेच वापरा, पोरांना तेच कळतात. पण जिथं पकड, तोड, खडाखडी, चितपट यांनी गोष्ट नेमकी सांगता येते तिथं ते बिनधास्त वापरा. 'ग्राफिक्स लई भारी' म्हणून सोडू नका. काय भारी, कुठल्या क्षणी, ते दाखवा. दहापैकी गुण द्यायचे असतील तर एकच आकडा देऊ नका. मी रिंगच्या आतल्या खेळाला आणि रिंगबाहेरच्या मोडना वेगवेगळे गुण देतो, कारण घेणारा कशासाठी घेतोय यावर सगळं अवलंबून असतं. २के२२ ला माझे रिंगच्या आत आठ, बाहेर सहा. घसरत चाललेली मालिका त्याने सावरली हे निर्विवाद, आणि २के२३, २के२४, २के२५ हे तिन्ही याच पायावर उभे आहेत.

विकत घेणाऱ्याला मी असं सांगेन. घरात पीएस४ आहे, भावंडं-मित्र जमतात आणि २के२२ ची डिस्क स्वस्तात मिळतेय, तर खुशाल घ्या. थोडे पैसे जास्त टाकायची तयारी असेल तर २के२३ घ्या. मायजीएम चौघांना खेळता येतो, वॉरगेम्स हा संघा-संघांचा पिंजऱ्यातला सामना आहे, पिनची अडचण सुटलीय. धरपकड हवी असेल, खडाखडीसारखी सुरुवात हवी असेल, तर थेट २के२५ घेतलेला बरा. २के२० कुणी फुकट दिला तरी नको.